झोपून पाहा

डाक्टर म्हणे, गादी बदला.
मी म्हटलं, बाप्पा, पाठच बदलून देत नाई काय तुम्ही?
तो हासला. कागदावर लिवलं, 'कडक गादी',
गोळ्यायच्या खाली, एका ओळीत,
जसं काई तेही मेडिकलात भेटते.

पाठ माही कापसानं मोडली.
एकवीस हंगाम, ओटी कमरेले,
बोंडाबोंडापाशी वाकून.
अन् रात्री तिले टेकवाले जे गादी, तेही कापसाचीच,
लग्नातली, गोळे पडलेली,
मधात खड्डा बंडीच्या चाकोरीवानी.
झोपेत घसरत जाये मी त्याच्यात,
अन् पहाटे खाटेची पाटी धरून
विहिरीतून याव तशी वर ये.

गावात पाठीचे डाक्टर घरोघरी.
कांता म्हणे, खाली झोप, सतरंजीवर.
मोठी जाऊ म्हणे, करंजीचं तेल कोमट करून चोळ.
चक्कीवाला म्हणे, फळी टाक फळी.
ज्याची पाठ सरळ, त्याचा सल्ला सरळ.

वेचाईचे पैसे आल्ते.
नथ्थू म्हणे, कूलर घेऊ.
मी म्हटलं, कूलरची हवा हाडात शिरत नाई.
तो काई बोलला नाई. सकाळी बसले हात दाखवला.

हिंगणघाटच्या दुकानात
गाद्या भिंतीले टेकून उभ्या,
हजेरी घ्याच्या वक्ती बाया उभ्या रायतात तशा.
पोरगं म्हणे, मावशी, झोपून पाहा.

झोपून?
दिवसा? परक्या माणसायसमोर?
आजारी नसताना भरदिवसा आडवी झालेली बाई
मी माह्या जन्मात पाह्यली नाई.
नथ्थूनं तोंड रस्त्याकडे केलं.
मी चपला काढल्या, लुगडं घोट्यापर्यंत ओढलं.

पयली लय नरम. चिखलात पाय जावा तशी गेली मी,
उठाले पोरानं हात देल्ला.
दुसरी काथ्याची. ते अन् जमीन, सख्ख्या बहिणी.
तिसरीवर पोरानं पंजा दाबला,
पंज्याचा ठसा रायला, मंग हळूहळू भरला.
म्हणे, अंगाचा आकार ध्यानात ठेवते हे.
मी म्हटलं, ठेव बाप्पा,
मले तर कवाचाच ध्यानात नाई.

चौथीवर टेकली.
पोरगं म्हणे, कुशीवर नाई, पाठीवर.
पाठीवर?
वर पंखा होता. त्याच्या एका पात्याले जाळं.
मले वाटलं, हे जाळं पुसाले पायजे कोनीतरी,
अन् ते कोनी मी नोहे.

डोळे उघडले तं दुकानात लाइट लागले होते.
नथ्थू माह्या चपला मांडीवर घेऊन स्टुलावर बसेल.
मालक गल्ल्यावर, हळू आवाजात फोनवर बोलत.
कोनंच मले उठवलं नव्हतं.
शरमेनं मी पयले भावच इचारला.

आठ हजार चारशे.
मी मनातल्या मनात किलोत मोजले.
दहा रुपये किलोनं आठशे चाळीस किलो.
अन् हिच्यात कापूस, बोटभरही नाई.
नथ्थू म्हणे, कमी करा, बाई झोपून गेली म्हणून वाढवता काय?
मालक म्हणे, झोपेचे पैसे नाई धरले, दादा.
चारशे कमी केले.

टेम्पोत आली गादी, नवरीवानी उभी.
नथ्थू म्हणे, प्लास्टिक राहू दे, मळंन.
तीन रात्री कूस बदलली का करकर,
जशी माहीच हाडं कोनी मोजून रायलं.
चवथ्या रात्री मी इळा घेतला.
टराटरा फाडलं, पार टोकापर्यंत.
नथ्थू उठून बसला, म्हणे, काय झालं?
म्हटलं, काई नाई. झोप.

कंबर अजून दुखते.
पयले सारीच दुखे, आता एका जागी दुखते,
बोट ठेवून दाखवता येते.
जुनी गादी वसरीत पडली हाय.
त्या खड्ड्यात कुत्रं असं झोपते,
जसं त्याच्याच मापानं शिवली.

काल कांता आल्ती पाहाले.
उभ्यानंच बोटानं दाबून पाह्यलं, म्हणे, कडक हाय वं.
एक हात कमरेवर होता तिचा,
सतरंजीवर झोपते म्हणे अजून.
मी दार लोटलं.
म्हटलं, चपला काढ.